फ्लेचरबाई

माझ्या लहानपणी वाईला एखाद्या बाईविषयी सर्वांत वाईट असे काही बोलावयाचे असले, तर आवाज चढवण्याची रीत नव्हती, उतरवण्याची होती. शेजारणीच्या कानाशी लागून एवढेच म्हणावयाचे, ‘पांढऱ्या पायाची आहे हो!’ की काम झाले. नवी सून घरात आली आणि महिन्याच्या आत सासऱ्यांनी अंथरूण धरले, तर सुनेचा पाय पांढरा. गाय आटली, कोर्टातला दावा हरला, विहिरीचे पाणी खाली गेले, तरी तोच पाय. तिने काय केले, हे कोणी विचारीत नसे. ती आली होती, एवढा पुरावा पुरेसा असे.

पुढे साठी उलटल्यावर मला एक बाई भेटली. हिच्या पायाविषयी मात्र शंकेला जागाच नव्हती. ती बोटीवर चढली की बोटीवर खून. बसमध्ये बसली, बसमध्ये खून. सर्कशीत गेली, तिथे खून. रशियन मंडळींचा बॅले पाहायला गेली, तिथेही खून. फार काय, पुतण्याचे लग्न निघाले तेव्हा त्या लग्नघरीसुद्धा मुडदा पडायचा राहिला नाही. बारा वर्षे आणि २६४ भाग हा क्रम अव्याहत चालला होता. आणि मौज अशी, की तरीही लोक तिला बोलावीतच राहिले! पत्रे पाठवून, फोन करून, ‘चार दिवस येऊन राहा’ म्हणून आग्रह करून बोलावीत. बरे, ही बाई होती विधवा. आमच्या आळीत तिला कोणी उंबऱ्याशी उभी केली असती की नाही, याचीच मला शंका आहे.

या बाईचे नाव जेसिका फ्लेचर आणि मालिकेचे नाव ‘मर्डर, शी रोट’. अमेरिकेतल्या सी. बी. एस. वाहिनीवर ३० सप्टेंबर १९८४ रोजी ती सुरू झाली आणि १९ मे १९९६ रोजी संपली. मी ती पाहिली फार उशिरा, २०१२ सालच्या हिवाळ्यात, न्यू जर्सीला लेकीच्या घरी. घरची माणसे सकाळी आठला बाहेर पडत ती दिवेलागणीला परतत. बाहेर बर्फ, आत मी आणि घूं घूं करणारे ते घर तापवायचे यंत्र. जावयाने एक दिवस बारा हंगामांच्या डीव्हीडींचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाला, ‘‘आई, हीसुद्धा तुमच्यासारखीच शाळेतली बाई आहे.’’ जावई बोलतात ते पुष्कळदा सौजन्यापोटी असते. पण हे खरे निघाले.

मेन राज्यातले केबट कोव्ह हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. ते नकाशात शोधू नये. ते लेखकांनी वसवलेले आहे. मेन अमेरिकेच्या पूर्व टोकाला, पण गावाचे चित्रण केले ते पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो या गावी. समुद्र कोणता, हे पडद्यावर कळत नाही. या गावात जेसिकाने वर्षानुवर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. नवरा फ्रँक वारला, मूलबाळ नाही. रिकामा वेळ खायला उठतो म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर ठेवून तिने एक रहस्यकादंबरी लिहिली. ग्रेडी नावाच्या पुतण्याने ती तिला न विचारता परस्पर प्रकाशकाकडे पोचवली आणि हां हां म्हणता बाई प्रसिद्ध झाल्या. (पुतण्या की भाचा, हे रहस्य आधी मलाच उकलावे लागले. इंग्रजीत दोघेही एकाच शब्दात भाडेकरू म्हणून राहतात. आडनाव फ्लेचर, म्हणजे दिराचा मुलगा, म्हणजे पुतण्या. माझा हा पहिला शोध.)

आपल्याकडे शिक्षिकेच्या आडनावाला ‘बाई’ जोडून हाक मारतात. छत्तीस वर्षे मलाही तशीच हाक ऐकू येत होती. त्यामुळे दोनतीन दिवसांतच ती माझ्या लेखी फ्लेचरबाई झाली.

फ्लेचरबाईंचे गुन्हे शोधण्याचे शास्त्र काही फार खोल नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांपैकी थोडी जरी चोरून वाचली असतील, त्याला खुनी अर्ध्या वाटेवर सापडतो. बाईंना मोटार चालवता येत नाही, त्या सायकलवरून हिंडतात. पिस्तूल बाळगत नाहीत. कोणाकडून पैसे घेत नाहीत. बहुधा एखाद्या निरपराध माणसावर, आणि तोही जवळचाच, आळ आलेला असतो. त्याला सोडवण्यापुरते बाईंचे खुनाशी नाते. मग एका क्षणी कोणीतरी काहीतरी बोलून जातो आणि बाईंचा चेहरा थांबतो. जी गोष्ट खुनी माणसाखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही, ती त्या माणसाच्या तोंडून सहज निसटलेली असते.

हा थांबलेला चेहरा मला फार ओळखीचा वाटला. वह्या तपासताना तो आमचाही होतो. कॉपी कशी पकडतात, हे नव्या शिक्षकांना मी नेहमी सांगत असे: दोन मुलांची बरोबर उत्तरे सारखी असली तर त्यात काही नवल नाही, चुका सारख्या असल्या, की हातातला लाल पेन खाली ठेवावा आणि त्या दोघांचे बाक कुठे आहेत ते आठवावे. गुन्हेगार शोधायला प्रतिभा लागते असे मला वाटत नाही. चाळीस मुलांकडे एकाच वेळी पाहण्याची सवय लागते.

आणि आणखी एक गोष्ट लागते. आपल्याकडे कोणी पाहत नसावे लागते. ही विद्या मी फ्लेचरबाईंच्या पुष्कळ आधी एका माणसापाशी पाहिली होती. माझ्या वडिलांची आत्या आमच्या घरी असे. तिला सगळे आक्का म्हणत. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरे झालेली, तांबड्या आलवणातली, माजघर हेच जग असलेली आक्का. कोणी परीक्षेला, कोर्टात, परगावी निघाले, की ती न सांगता दाराआड होई. इतकी सवयीने, की पुढे आम्हा पोरांना ती दाराआड झाली म्हणजेच कोणीतरी बाहेर निघाले आहे हे कळे.

एका वर्षी गौरींच्या दिवसांत चांदीची वाटी हरवली. भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या दहा वर्षांच्या मुलावर आळ आला. मोठी माणसे ओसरीवर जमली, तो मुलगा मध्ये उभा राहून रडत होता. माजघरातून आक्काचा आवाज आला, ‘‘निर्माल्याची टोपली पाहा.’’ वाटी फुलांखाली निघाली. कोणीतरी घाईत सारे एकदमच टोपलीत लोटले होते. आक्काला कसे कळले, असे मी तिला रात्री विचारले. ती म्हणाली, ‘‘टोपली ओट्यावर ठेवली तेव्हा वाजली. फुले वाजत नाहीत.’’

शाबासकी तिला कोणी दिल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी काका कोर्टात निघाले, तेव्हा ती रोजच्यासारखी दाराआड झाली.

फ्लेचरबाईंच्या बाबतीतही खुनी माणसे हेच गृहीत धरतात, की एका वयस्क, गोडबोल्या विधवेपुढे काय जपून बोलायचे! तिला चहा देतात आणि मोकळेपणी थापा मारतात. फरक आहे तो पुढे. बाई बोलल्या, की गावचा शेरीफ ऐकतो. पहिला ॲमॉस टपर जरा भोळा. त्याच्यानंतर आलेला मेट्झगर न्यूयॉर्कच्या पोलीसखात्यातून चार दिवस शांततेत काढावेत म्हणून या गावात आलेला, आणि इथले खून मोजून थक्क होणारा. डॉक्टर सेथ हॅझलिट तर बाईंशी बुद्धिबळापासून शेवाळ्यापर्यंत कशावरही भांडेल, पण त्यांच्याविना त्याचे पान हलत नाही. गावाने तिला माजघरात ठेवलेले नाही, ओसरीवर मध्यभागी खुर्ची दिली आहे.

पहिल्याच कथेत तिची कसोटी आहे. पुस्तकाच्या निमित्ताने ती न्यूयॉर्कला जाते. प्रकाशक प्रेस्टन गाइल्स हा सुसंस्कृत, वयाने साजेसा माणूस. फ्रँकनंतर प्रथमच तिचे मन कोणावर तरी जडते. त्याच्या घरी मेजवानी होते, शेरलॉक होम्सच्या वेषातला एक मनुष्य पोहण्याच्या तलावात मेलेला आढळतो, आणि पोलीस पकडतात ते ग्रेडीला. खुनी निघतो तो प्रकाशक. हे बाईच शोधून काढतात. नंतरच्या शेकडो भागांत बाईंनी पुन्हा कोणाशी लग्न का केले नाही, याचे उत्तर मला तरी तिथेच मिळाले. मात्र प्रत्येक भागाच्या शेवटी बाईंचा हसरा चेहरा पडद्यावर गोठवून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती मला कधीच रुचली नाही. तासापूर्वी मनुष्य मेलेला आहे. जरा दम धरावा.

बाईंचे काम करणारी अँजेला लॅन्सबरी ही लंडनची. जन्म १६ ऑक्टोबर १९२५. तिचे आजोबा जॉर्ज लॅन्सबरी मजूर पक्षाचे पुढारी. ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेले हिंदुस्थानच्या स्वराज्याचे विधेयक पार्लमेंटात त्यांनीच मांडले, तेही १९२५ सालीच. अँजेला नऊ वर्षांची असताना वडील वारले. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा तिची आई अँजेलाला आणि तिच्याहून लहान जुळ्या मुलांना घेऊन अटलांटिक ओलांडून अमेरिकेत आली. ही आईसुद्धा नटी. तिचे रंगभूमीवरचे नाव मोयना मॅकगिल. आणि फ्लेचरबाईंचे माहेरचे आडनाव मालिकेत काय आहे? मॅकगिल. एका पोरक्या संसाराची बोट ओढीत आलेल्या विधवेचे नाव लेकीने असे बारा वर्षे मिरवले. हे कळल्यावर मी तो भाग तसाच थांबवून थोडा वेळ बाहेरचे बर्फ पाहत बसले.

हॉलिवुडने या मुलीला वेळेआधीच म्हातारी केली होती. ‘द मंचुरियन कँडिडेट’ या १९६२ च्या चित्रपटात ती ज्या नटाची आई झाली, तो तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान होता. खरोखरीच साठीला टेकल्यावर तिला घराघरात पोचवणारी भूमिका मिळाली. तीसुद्धा जीन स्टेपलटन या नटीने आधी नाकारलेली. बारा हंगामांसाठी एमी पारितोषिकाकरता बारा वेळा तिचे नाव पुढे आले. एकदाही ते तिला मिळाले नाही.

पण तिच्या हाती सत्ता आली तेव्हा तिने जे केले, ते मला कुठल्याही पारितोषिकाहून मोठे वाटते. तिने जुन्या, विस्मरणात गेलेल्या नटनट्यांना बोलावणी धाडली. मिकी रूनी, व्हॅन जॉन्सन, जून ॲलिसन, कॅथरीन ग्रेसन, अशी एके काळी तिकीटबारीपुढे रांगा लावणारी मंडळी केबट कोव्हच्या रस्त्यावर दिसू लागली. त्यात नुसती हौस नव्हती. अमेरिकेत नटांच्या संघटनेचा आरोग्यविमा चालू राहायला वर्षाकाठी ठरावीक कमाई कामातून व्हावी लागते. काम थांबले, की औषधपाणीही थांबले. मॅडलिन रू या नटीला मल्टिपल स्क्लेरॉसिसने चाकांच्या खुर्चीत बसवले होते, विमा हातचा जाण्याची वेळ आली होती. अँजेलाने तिच्यासाठी केबट कोव्हच्या ग्रंथपालबाईची भूमिका तयार करवली. खुर्चीत बसून करता येईल अशी.

या जुन्या मंडळींच्या भागांपैकी एक मी तीनदा पाहिला. १९४९ साली ‘स्ट्रेंज बार्गेन’ नावाचा एक छोटासा कृष्णधवल चित्रपट आला होता. पैशाच्या ओढगस्तीतल्या एका हिशेबनिसाला त्याचा मालक सांगतो, की मी आत्महत्या करणार आहे, तू ती खुनासारखी भासव, म्हणजे माझ्या कुटुंबाला विम्याचे पैसे मिळतील. मूळ चित्रपटात तो हिशेबनीस शेवटी सुटतो. १९८७ साली मालिकेने ही कथा उचलली आणि असे धरले, की तो सुटलाच नाही. तीस वर्षे तुरुंगात राहिला आणि आता म्हातारा होऊन बाहेर आला आहे. त्या भूमिका करायला बोलावले ते जेफ्री लिन, मार्था स्कॉट आणि हॅरी मॉर्गन या मूळच्याच तिघांना. जुन्या चित्रपटाचे तुकडे मधूनमधून दाखवले आहेत. घटकेत तो तरुण, काळ्या केसांचा, करड्या उजेडात जिना चढणारा; घटकेत तोच मनुष्य रंगीत पडद्यावर पांढऱ्या केसांनी बसलेला. रंगभूषेने एवढी अडतीस वर्षे कोणाला आणता आली नसती. फ्लेचरबाई ते प्रकरण पुन्हा उकरून काढतात आणि त्याच्यावरचा डाग धुतात. वर्षे काही परत येत नाहीत.

नेमका हाच भाग मी लावून बसले होते, त्या शनिवारी लेकीने संक्रांतीचे हळदीकुंकू केले.

आमच्याकडचे हे २०१० साली गेले. त्यानंतर मला कोणी काही वाईट बोलले, असे मुळीच नाही. पुण्यातले आमचे शेजार सुशिक्षित आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली, एवढेच. सणाच्या दिवशी जिन्यात ओळखीची कोणी भेटली तर हातातली ओटीची पिशवी जराशी पाठीमागे जाई. मी विचारले असते तर ती शरमली असती. म्हणून विचारले नाही. दाराआड व्हायला दरवेळी दार लागतेच असे नाही.

तेव्हा त्या दिवशी डोके दुखते म्हणून मी वरच्या खोलीत गेले आणि आवाज बारीक करून फ्लेचरबाईंना सोबतीला घेतले. खाली मोटारी येत होत्या, बर्फाचे बूट दाराशी आपटत होते, बांगड्यांचा आणि इंग्रजी-मराठीचा गलका वाढत होता. थोड्या वेळाने लेक वर आली. हातात तबक. तिने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. ‘‘डोके दुखत असताना खून बघतेस?’’ मी काही बोलले नाही. ती म्हणाली, ‘‘तू खाली येणार नसलीस तर त्या सगळ्या वर येणार आहेत. मी सांगून आले आहे.’’

आणि खरोखरच आल्या. चौदापंधराजणी असतील. कोणी पलंगावर, कोणी गालिच्यावर, एक गरोदर मुलगी माझ्या आरामखुर्चीत. लेकीने माझ्या कपाळाला कुंकू लावले. मी नको म्हटले नाही. तिच्या हाताला तिळगुळाचा चिकटपणा होता, तो भुवईला लागला. मग एकजण म्हणाली, ‘‘आजी, हे काय चालू होते?’’ मी आवाज मोठा केला. आधीची हकीकत मला वर्गात सांगितल्यासारखी सांगावी लागली. खुनी कोण, यावरून पाच मिनिटांत दोन तट पडले. कोणाच्या तरी सासूबाई, माझ्याच वयाच्या, कपाळ मोकळे असलेल्या, इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या एकदम आत येऊन म्हणाल्या, ‘‘सरका गं, मला दिसत नाही.’’ खाली मसाल्याचे दूध दोनदा गरम करावे लागले.

मालिका बंद पडली ती लोकांना कंटाळा आला म्हणून नव्हे. अकरा हंगाम ती रविवारी रात्री आठला लागे. १९९४-९५ सालीही ती पहिल्या दहांत होती. पण पाहणारे वयस्क, आणि जाहिरातदारांना हवी तरुण गिऱ्हाइके. वाहिनीने ती १९९५ साली उचलून गुरुवारी ‘फ्रेंड्स’ या लोकप्रिय तरुण मालिकेसमोर नेऊन ठेवली आणि वर्षात तिचा निकाल लागला. मालिकेच्या लेखकांनी शेवटच्या भागाला नाव दिले: ‘डेथ बाय डेमोग्राफिक्स’. म्हणजे, लोकसंख्येच्या वयोगटांच्या कोष्टकाने घेतलेला बळी. जाता जाता बाईंनी आपला खुनीही दाखवून दिला, म्हणायचा.

फ्रँकविना बारा वर्षे पडद्यावर काढलेल्या अँजेलाला खरे वैधव्य आले २००३ साली. पीटर शॉ आणि तिचा संसार १९४९ पासूनचा. ती घरी बसली नाही. २००९ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, ‘ब्लाइद स्पिरिट’ या नाटकातल्या भूमिकेसाठी तिला टोनी पारितोषिक मिळाले. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ती गेली. सत्त्याण्णव पुरी व्हायला पाच दिवस कमी होते.

त्याच वर्षाअखेर ‘ग्लास अनियन’ नावाचा रहस्यपट आला. त्यात अगदी थोडा वेळ ती आहे, स्वतःच्याच नावाने. मोठा डिटेक्टिव्ह न्हाणीघरातल्या टबात बसून ओळखीच्या मंडळींशी संगणकावर एक खेळ खेळतो आहे. आपल्यातला लबाड कोण, ते शोधायचा खेळ. खेळणाऱ्यांत ती, आपल्या घरी बसलेली. माझी नात आता कॉलेजात आहे. तिने चित्रपट मध्येच थांबवून मला पुण्याला फोन केला. तिकडे रात्र, इकडे सकाळ. मी चहा गाळीत होते. ‘‘आजी, ती चश्मेवाली म्हातारी, ती तुझी का गं?’’

‘‘आमच्या फ्लेचरबाई त्या,’’ मी म्हटले. ‘‘नीट बघ त्यांच्याकडे. आणि मला आताच सांगू नकोस खून कोणी केला ते.’’